एका गालाची हळद

मार्च संपत आला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डंकावर बायकांची रांग लागते. डंक म्हणजे मसाला कुटायचं यंत्र. लोखंडी मुसळं दिवसभर वरखाली आपटतात आणि अख्खी गल्ली शिंकत असते. रांगेत भांडणं ठरलेली. तिखटाच्या मागून हळद टाकली तर हळद झणझणीत होते, म्हणून हळदवाल्या म्हणतात आधी आमचं, आणि मिरचीवाल्या म्हणतात आम्ही काय इथं शोभेला उभ्या आहोत का. मी गॅलरीतून ऐकते. मला त्या रांगेत जावं लागत नाही, कारण आमची वर्षाची हळद तिसगावहून येते. माझी थोरली बहीण, शालनअक्का, पाठवते. पण वास यायचा तो येतोच. दुपारी खिडकी लावून घेतली तरी फटीतून येतो, आणि मग त्या दिवशी माझ्या हातून एक काम धड होत नाही. भाजी करपते, दूध उतू जातं. नवरा म्हणतो, "तुझा मार्च लागला वाटतं." एवढंच म्हणतो आणि पेपर वाचायला लागतो.

यंदा त्यात लेकीची भर. ऋतुजा पुण्याहून चार दिवस आली होती. आल्या आल्या तिनं बॅगेतून बाटल्या, ट्यूबा, डब्या काढल्या, एका पिशवीत कोंबल्या आणि पिशवी कचऱ्याच्या डब्याशेजारी नेऊन ठेवली. म्हणाली, "आई, आता बास. हे सगळं केमिकल आहे. आजपासून मी फक्त नॅचरल. शालनमावशीला सांग ना, तिचं ते मसूरडाळीचं उटणं पाठव म्हणावं." त्या पिशवीत तिचा महिन्याचा पगार गेला असेल, असं तोंडावर आलं होतं, पण जीभ चावली. म्हटलं, "तूच फोन कर मावशीला." ती म्हणाली, "का? तू का नाही करत?"

मी पोळ्या लाटत राहिले. तिला काय सांगणार होते? की असं सगळं टाकून देऊन, धुतल्या तोंडानं जगापुढं बसलेली एक बाई मी पाहिली आहे, आणि तिला तसं बसवणारी मीच होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा अठराची, अक्का तेविसाची. आमच्या आप्पांचं कटलरीचं दुकान होतं. आमच्या भागात कटलरी म्हणजे काटे-चमचे नव्हेत. बांगड्या, टिकल्या, रिबिनी, पिना, पावडर, स्नो, बाईमाणसाला आरशापुढं जे जे लागतं ते सगळं म्हणजे कटलरी. आणि दुकान म्हणजे चार बांबू, एक ताडपत्री आणि दोन पत्र्याच्या पेट्या. आज तिसगावचा बाजार, उद्या पाथर्डीचा, परवा आणखी कुठला. आप्पांचा एक नियम होता. बांगडी हातात भरून दाखवल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत. गिऱ्हाईक म्हणायचं, द्या हो बांधून, बसेल. आप्पा म्हणायचे, "बसंल म्हनू नका. घरी जाऊन तडकली तर शिव्या मला देशाल. बसलीय का ते हितंच बघा."

हा माणूस आपल्या पोरीच्या बाबतीत मात्र माल झाकून द्यायला तयार झाला. मला त्यांना नावं ठेवायची नाहीत. झाकण लावायचं काम माझ्याकडं होतं.

अक्काच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याखाली एका श्रावणात पांढरा डाग उठला. आधी बाजरीच्या दाण्याएवढा, मग चिंचोक्याएवढा. दुखत नाही, खुपत नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. पण कोड हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. आई 'ते' म्हणायची. 'ते' वाढलं का गं? नगरच्या डॉक्टरांनी मलम दिलं, त्यानं काही झालं नाही. कुणीतरी बावचीचं तेल लावून उन्हात बसायला सांगितलं, त्यानं फोड आले. फोड बसले आणि डाग डाव्या गालापर्यंत वाढला. मग आप्पा एकदा माल भरायला नगरला गेले ते एक गोल चपटी डबी घेऊन आले. पॅनकेक. तमाशाच्या फडातल्या बाया तोंडाला लावतात तो. आमच्या घरात रेडिओच्या खालोखाल महाग वस्तू ती. आई रोज ती डबी देवळीत, देवाच्या शेजारी ठेवायची.

लावायची एक रीत होती. कापसाचा बोळा ओला करायचा, डबीवर फिरवायचा आणि डागावर थोपटायचा. घासायचा नाही. कडेला आलं की बोटानं हळूहळू विरवत न्यायचं, म्हणजे कातडी कुठं संपली आणि रंग कुठं सुरू झाला ते कळत नाही. वर पावडरीचा हलका हात. आईला ते जमायचं नाही, ती पोतेरं फिरवल्यासारखं फिरवायची. माझ्या हाताला ते चांगलं आलं. अर्धा-पाऊण तास लागायचा. संपलं की मी अक्काची हनुवटी धरून उजेडाकडं वळवायची, मान तिरकी करून बघायची आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायची. अठराव्या वर्षी माणसाला दुसरं काय येत असतं? मला हे येत होतं.

त्या पॅनकेकला मेणबत्तीचा आणि शिळ्या गुलाबाचा वास यायचा. उन्हात तो आवळायचा. आणि डाग नेमका ओठाच्या कोपऱ्याशी, त्यामुळे हसलं की तिथं बारीक तडा जायचा. अक्का पूर्वी अशी हसायची की आप्पा ओरडायचे, "अगं, पार पाथर्डीला ऐकू जातंय." ती हसायची बंद झाली. शेजारच्या काशीबाई म्हणाल्या, "शालन किती पोक्त झाली गं, लग्नाला आलेली पोर अशीच पायजे." आईलाही बरं वाटलं. ती तडा सांभाळत होती, हे फक्त मला ठाऊक होतं.

माघात स्थळ आलं. दिलीपराव, शेवगावकडचे, साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर नोकरीला. उंच, सावळे, बोलताना समोरच्याकडं बघून बोलणारे. बघायला आले तेव्हा त्यांनी अक्काला विचारलं, "तुमाला काय विचारायचंय का?" असं विचारणारा तो पहिलाच. अक्का मान खाली घालून नाही म्हणाली, पण आत आल्यावर मला म्हणाली, "रंजे, मानूस बरा हाय." तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तेवढ्याला मी पॅनकेक लावलेला नव्हता. साखरपुडा त्याच महिन्यात झाला, लग्न चैत्रातलं धरलं. दोन्ही वेळेला मी जीव ओतून काम केलं होतं.

साखरपुड्यानंतर आठच दिवसांनी अक्कानं मला मागच्या दारी नेलं. म्हणाली, "रंजे, तोंड तर रोज धुवावं लागंल ना. लग्नानंतर काय करू? जन्मभर तू येनार हाईस का बोळा घेऊन?" मी म्हटलं, लग्न होऊ दे, मग बघू. सगळे असंच म्हणत होते. ती म्हणाली, "न्हाई. मला त्या मानसाला फसवायचं न्हाई. तू सांग त्यांना. ते बाजाराला येत्यात, आप्पांना भेटत्यात. मोकळं सांग. न्हाई म्हनले तरी चालंल मला. पन सांग."

साखरपुडा झालेली पोर आमच्याकडं बाजारात बसत नाही, म्हणून दुकानावर तिच्या जागी मी बसायची. आप्पांना सांगणं जमणार नाही, हे अक्काला पक्कं ठाऊक होतं. राहिले मी.

शिमग्याच्या आधीचा बाजार. दुकानासमोर गाठ्यांच्या माळा टांगलेल्या, रंगाच्या पुड्यांचे ढीग लागलेले. आप्पा चहाला गेले आणि दिलीपराव आले. देव मला याच्याहून मोकळी वेळ देऊ शकला नसता. त्यांनी एक कंगवा उचलला, म्हणाले, "मेव्हनीबाई, पाव्हन्याकडनं पैसे घेनार का?" मी हसले. मनात वाक्य जुळवत होते. अक्काला एक डाग आहे, असं सुरू करायचं की तुम्हाला एक सांगायचंय, असं? तेवढ्यात तेच म्हणाले, "एक सांगू? आमच्या चुलतीनं माझ्यासाठी लई पोरी बघितल्या. ती म्हनती, शालनवानी नितळ रंग एकीचाबी न्हाई."

आणि मला आनंद झाला. खरं तेच सांगते. तो नितळ रंग माझा होता. माझ्या बोटांनी विरवलेला. आजवर माझ्या त्या कामाची कुणी तारीफ केली नव्हती, करणार तरी कोण, ते तर कुणाला कळू द्यायचं नव्हतं. मी म्हटलं, "कंगवा असाच न्या, पाव्हनं." ते गेले. आप्पा चहा पिऊन आले.

घरी अक्का उंबऱ्यात बसून गहू निवडत होती. मला बघून सुपातला हात थांबला. "काय म्हनले?"

मी म्हटलं, "चालतंय म्हनले."

दोन शब्द. पुढच्या बाजारी नक्की सांगायचं, असं मी तिथंच ठरवलं. उधारीवर खरं बोलू, असा माझा हिशोब. पुढच्या बाजारी दिलीपराव आले नाहीत. गळीत हंगाम संपत आला होता, काट्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. त्याच्या पुढच्या बाजारी आले ते चुलत्याला घेऊन, आणि आप्पा जागचे हलले नाहीत. त्यानंतर पत्रिकाच वाटायच्या राहिल्या होत्या.

आणि मधे तो महिना.

माझं उत्तर ऐकून अक्का उठली, मोरीवर गेली आणि तोंड धुतलं. खसाखसा, साबण लावून. देवळीतली डबी आणून माझ्या हातात दिली. "घे, तुझी. गॅदरिंगला उपयोगी पडंल." आईला तिनंच सांगितलं. आई चुलीपुढं बसून रडली, मग उठून शिरा केला. त्या दिवसापासून आमच्या घरातून मेणबत्तीचा वास गेला आणि दुधाचा, डाळीचा, हळदीचा वास आला.

मसूरडाळ दुधात भिजवायची, पाट्यावर गंधासारखी वाटायची. संत्र्याच्या साली आप्पा पाथर्डीच्या बाजारातून रसवाल्याकडून पिशवीभर मागून आणायचे, त्या माळवदावर वाळत घालायच्या आणि काशीबाईंच्या कोंबड्यांपासून राखायच्या. त्या आम्ही राखायच्या, म्हणजे मी राखायची. आंबेहळद उगाळायची. माळावर तरवड पिवळाजर्द फुललेला, त्याची फुलं ओटीत भरून आणायची. काजळसुद्धा घरचं. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताम्हन उपडं धरायचं आणि धरलेली काजळी तुपात खलायची. कटलरीवाल्याच्या पोरी असून आम्ही दुकानातल्या एका वस्तूला हात लावला नाही. आप्पा म्हणाले, "तुमच्यासारखी गिऱ्हाइकं मिळाली तर माझं दिवाळंच निघंल."

ते वाटलेलं उटणं अक्का तोंडभर फासायची आणि ओट्यावर ऊन खात बसायची. वाळलं की तोंड आवळायचं आणि मला ताकीद असायची, आता हसवू नको. मी मुद्दाम काशीबाईंची नक्कल करायची. मग तिला आवरायचं नाही. सगळ्या तोंडभर तडे जायचे, उटण्याचे पोपडे मांडीवर पडायचे, आणि ती हसत सुटायची. "रंजे, भित्ताड पडतंय बघ माझं." दोन वर्षं तिनं एक तडा सांभाळला होता आणि आता तोंडावर शंभर तडे घेऊन बसायची. डाग होता तिथंच होता. धुतल्यावर दिसायचा. ती आरशात बघायची, त्याला बोट लावायची आणि भांग पाडायला लागायची. मी तिला इतकी देखणी कधी पाहिलेली नाही, आधी नाही, नंतर नाही.

मी सांगणार होते. रोज सांगणार होते. सकाळी उठले की आज. पण ती जितकी हसायची तितकं सांगणं मी पुढं ढकलायची.

आप्पांचं तर वेगळंच झालं. त्यांच्या डोक्यात आलं की एवढं कळूनही त्या मंडळींनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, म्हणजे केवढी मोठ्या मनाची माणसं. लग्नाच्या बोलणीला चार वेळा बसले, तांदूळ-नारळापासून वाजंत्र्यापर्यंत बोलले, पण 'त्या'चा विषय त्यांनी काढला नाही म्हणून आप्पांनीही नाही. आमच्याकडं कुणी झाकली मूठ उघडायला लावत नाही, तीच रीत. घरी येऊन आईला म्हणाले, "एका शब्दानं न्हाई बोलले गं. मानसं पारखायला डोळं लागत्यात." आणि पेटीतल्या सगळ्यात चांगल्या दोन डझन हिरव्या बांगड्या त्यांनी दिलीपरावांच्या आईसाठी बाजूला काढल्या. मी त्या कागदात गुंडाळून दिल्या.

घाणा भरला त्या दिवशी पाच सुवासिनी जात्यावर बसल्या. जात्याला हळकुंड-सुपारी बांधलेली, अंगण पिवळं झालेलं. अक्का धुतल्या तोंडानं त्यांच्यात बसली होती. एक-दोघी तिच्याकडं बघून एकमेकींकडं बघायला लागल्या, तशी आईच म्हणाली, "जावायाला म्हाईत हाय." काशीबाई म्हणाल्या, "असा जावई मिळायला पूर्वपुण्याई लागती." आणि खुंटा हातात घेऊन गाणं म्हणायला लागल्या.

आमच्याकडं नवऱ्या मुलाला हळद लागते आणि त्यातली उरलेली, उष्टी हळद नवरीकडं येते. लग्नाच्या दिवशी सकाळी वऱ्हाडाचा टेम्पो आला. दिलीपरावांची चुलती पितळी वाटीत हळद घेऊन उतरली, वर हिरवा खण झाकलेला, मागं वाजंत्री. मी आत अक्काजवळ गेले. हातात ती डबी होती. म्हटलं, "अक्का, आज लाव. एवढी मानसं आल्यात."

ती काजळ घालत होती. म्हणाली, "आता कशाला? ज्याला कळायचं त्याला कळलंय." आणि आरशातून माझ्याकडं बघून हसली.

त्या क्षणी मला बोलता आलं असतं. खोलीत आम्ही दोघीच होतो. चार शब्द पुरले असते. तिनं तोंड फिरवलं असतं, मला थोबाडीत मारली असती, पण आतल्या आत काहीतरी करता आलं असतं. मी डबी ओच्यात लपवली. बायका आत आल्या आणि तिला पाटावर घेऊन गेल्या.

चुलतीनं पायाला लावली, हाताला लावली, मग उजव्या गालाला. गाणं चालू होतं. मग डाव्या गालाकडं अंगठा आला आणि थांबला. काही लागलं असेल म्हणून तिनं पदरानं पुसलं. एकदा पुसलं. पुन्हा पुसलं. मग वाटी खाली ठेवली. "ह्ये काय हाय?"

अक्का अजून हसतच होती. तिला वाटलं, चुलतीच्या कानावर घातलं नसेल. म्हणाली, "त्यांना म्हाईत हाय की."

मग गाणं थांबलं. पुरुष माणसं आली. दिलीपराव मांडवाच्या कडेला येऊन उभे राहिले, अंगावर हळद, हातात लिंबू खोचलेली कट्यार. त्यांचा आवाज चढला नाही. म्हणाले, "मामा, आमाला सांगायचं तरी व्हतं."

आप्पा गोंधळले. "पाव्हनं, तुमाला तर सांगितलंय. शिमग्याच्या बाजारी—" असं म्हणत ते माझ्याकडं वळले. सगळे माझ्याकडं वळले. अक्काही. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तिचं हसू कसं उतरत गेलं ते मी उभी राहून बघितलं. मला वाटत होतं, आता ती बोलेल आणि सगळं संपेल. मला ते हवंही होतं.

ती म्हणाली, "आप्पा, न्हाई सांगितलं. रंजी सांगनार हुती, मीच तिला अडवलं. तुमच्याशी खोटं बोलले."

दिलीपराव जमिनीकडं बघत म्हणाले, "आधी कळलं असतं तर..." पुढचं वाक्य त्यांच्या चुलत्यानं पुरं होऊ दिलं नाही, त्यांना दंडाला धरून मागं घेतलं. कळलं असतं तर काय? केलं असतं की नसतं? ते 'नाही' म्हणाले असते असं मला एकदा कुणी खात्रीनं सांगितलं असतं, तर मी सुटले असते. पण तसं सांगणारं कुणी भेटलं नाही. चुलते म्हणाले, "धाकटी हाय की. तिला बसवा पाटावर. वऱ्हाड रिकामं कशाला न्यायचं?" त्यावर आप्पांनी पहिल्यांदा मान वर केली. म्हणाले, "पाव्हनं, ही दुकानातली बांगडी न्हाई, एक बसली न्हाई म्हनून दुसरी भरायला. या तुमी." वऱ्हाड गेलं. बुंदी दोन दिवस गावात वाटली, तरी उरली.

अक्कानं हळद धुतली नाही. एका गालाला लागलेली, एका गालाला नाही, तशीच चार दिवस घरात फिरली. बाजाराच्या दिवशी सकाळी उठून आप्पांच्या आधी तिनं पेट्या हातगाडीवर ठेवल्या आणि दुकानावर जाऊन बसली. उजवा गाल फिकट पिवळा, डाव्या गालावर पांढरा डाग, डोळ्यांत घरचं काजळ. लोक बांगड्यांपेक्षा तिच्याकडं जास्त बघत होते. तिनं एकदाही पदर तोंडावर ओढला नाही. त्यानंतर तिनं तोंडाला झाकायचं असं काही लावलं नाही, आणि लग्नाचा विषय काढू दिला नाही.

आप्पा तिला कधी टाकून बोलले नाहीत. पण शेवटच्या दुखण्यात एकदा म्हणाले, "शालन, तेवढं सांगू दिलं असतंस तर." मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. अक्का म्हणाली, "व्हय आप्पा, चुकलंच माझं." आणि त्यांची उशी सारखी केली. आप्पा तेच मनात घेऊन गेले.

माझं लग्न झालं ते दोन वर्षांनी. हळदीला अक्का आतल्या खोलीत भांडी मोजत बसली होती. मी पाटावरून उठले नाही, म्हटलं पहिली हळद अक्काच लावेल, नाहीतर लागायची नाही. सुवासिनी कुजबुजल्या. ती आली, दोन्ही गालांना लावली, चांगली चोळून लावली. मला काही म्हणाली नाही. त्या दिवसापर्यंत नाही, आणि त्यानंतरही नाही. दर चैत्रात हळदीचा डबा मात्र येत राहिला, आणि दिवाळीत उटणं.

यंदा ऋतुजानं ऐकलं नाही. म्हणाली, उटणं करताना बघायचंय, चल. रविवारी आम्ही तिसगावला गेलो. अक्का ओट्यावर बसून पातळ फडक्यातून हळद चाळत होती. आता तिचं तोंड जवळजवळ सगळंच पांढरं झालंय. उजव्या गालावर तेवढा एक गव्हाळ तुकडा राहिलाय, हळद लागली होती तिथं. मी त्याचा काही अर्थ लावत नाही. कातडीला काय कळतं.

ऋतुजा म्हणाली, "मावशी, मी आता सगळं सोडलं. फक्त नॅचरल."

"म्हंजी काय गं?"

"म्हणजे आपण आहोत तसं."

"मंग त्याला उटनं तरी कशाला पायजे?" म्हणत अक्का हसली. तोंडभर हसली. ऋतुजा साली बघायला माळवदावर गेली. खाली आम्ही दोघी राहिलो.

मी म्हटलं, "अक्का, त्या बाजारात मी दिलीपरावांना काही सांगितलंच नव्हतं."

तिचा हात थांबला नाही. "म्हाईत हाय."

"तुला माहीत आहे, ते मलाही माहीत आहे. पण का गं? आप्पांपुढं स्वतःवर का घेतलंस? मला वाचवायला?"

"तुला वाचवायला न्हाई," ती म्हणाली. "तसं समजत असशील तर डोक्यातनं काढून टाक. लई राग आला हुता तुझा. आजूनबी येतो कधी कधी, चाळता चाळता."

मी ओट्यावर सांडलेली हळद बोटानं एका जागी लोटली.

"त्या म्हैन्यात मी लई हसले रंजे," ती म्हणाली. "एका मानसाला माझं तोंड म्हाईत हाय आनि तरी त्याला मी पायजे, असं वाटून हसले. माझ्या वाट्याला आलं ते तेवढंच. तू खोटं बोललीस असं त्या मांडवात ठरलं असतं, तर तो म्हैनाबी खोटा ठरला असता. मंग माझ्यापाशी काय ऱ्हायलं असतं? मीच अडवलं म्हनले, म्हंजी तो म्हैना माझा मी घेतलेला झाला."

मी तिच्यापुढचं फडकं ओढून घेतलं आणि चाळायला लागले, कारण मला दुसरं काही करता येईना. डोळे पुसायला हात वर नेला तर हळद गालाला लागली. तिनं पाहिलं, पुढं वाकून पदराच्या टोकानं पुसलं. एकदा पुसलं. पुन्हा पुसलं.

"निघत न्हाई," म्हणाली. "ऱ्हाऊ दे."